रविवारची अळणी, रोजच्या पातेल्यात

कोल्हापुरातलं पाच जणांचं घर. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, बायको बँकेत, सासूबाई घरी. थोरली साडेपाच वर्षांची, धाकटा सव्वादोन वर्षांचा. ओळख पटेल असे बारकावे मी बदलले आहेत आणि लिहायला घरच्यांची संमती आहे. मी आहारतज्ज्ञ आहे, बहुतेक काम लहान मुलांबरोबरच चालतं.

ते माझ्याकडे आले धाकट्याच्या रक्ताच्या रिपोर्टमुळे. हिमोग्लोबिन १०.४. दोन ते पाच वर्षांच्या मुलात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. हा सौम्य होता. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचं औषध सुरू केलं आणि खाण्यापिण्याचं बघायला माझ्याकडे पाठवलं. आईनं खुर्चीत बसता बसताच सांगितलं, "मॅडम, दोघंही काही खात नाहीत. मी रात्री तीन-तीन स्वयंपाक करते आणि तरी दोघं उपाशी झोपतात."

त्या वाक्यातला "काही खात नाहीत" एवढाच भाग मी तेव्हा धरला. "तीन-तीन स्वयंपाक" माझ्या कानावरून गेलं. पुढचे तीन आठवडे त्यामुळेच वाया गेले, म्हणून आधी तेच कबूल करते.

वजनं घेतली. धाकटा ११.२ किलो, थोरली १६.४. दोघंही सरासरीपेक्षा थोडी खाली, पण जन्मापासून आपापल्या रेषेवरून चाललेली, रेषा कुठं घसरलेली नाही. हे आईला आलेखावर बोट ठेवून दाखवलं, कारण पोरगं खात नाही ही धास्ती बऱ्याच घरांत एका साध्या गोष्टीतून येते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर ते वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. दीड वर्षाचं असताना वाटी चाटूनपुसून खाणारं मूल सव्वादोनला चार घासांत तोंड फिरवतं, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. शिवाय दोन ते सहा या वयात नव्या चवीला नकार देणं अगदी जोरात असतं. तेच वांगं, तोच दुधी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठं तोंडात जातो. तिसऱ्या वेळेला आई हात टेकते, आणि त्यात तिचा दोष नाही. संध्याकाळी साडेसहाला बँकेतून आलेल्या बाईकडे पंधराव्या वेळेची ताकद कुठून येणार?

मी त्यांना एक वही दिली. दोन आठवडे दोन्ही मुलांच्या तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहायचं, दूधसुद्धा. आणि वहीबरोबर मुलांसाठीचा एक छापील तक्ताही दिला: सोमवारी नाचणीचं धिरडं, मंगळवारी पालक-मूग टिक्की, असा सात दिवसांचा. वही उपयोगी पडली. तक्ता मात्र माझी चूक होती.

वहीत पहिली गोष्ट दिसली ती दुधाची. धाकटा दिवसाला चार वेळा दूध पीत होता, मिळून पाऊण लिटरच्या वर. सकाळी उठल्यावर, दुपारी झोपताना, संध्याकाळी बिस्किटांबरोबर आणि रात्री "काही खाल्लं नाही म्हणून" एक मोठा पेला. कोल्हापुरात दुधाविरुद्ध बोलणं सोपं नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी समोर पिळून पेला हातात देणारं हे गाव, तिथं पोरानं दूध पिणं म्हणजे पोर चांगलं असणं. पण दुधात लोह जवळजवळ नसतं, जेवणातलं लोह अंगी लागण्यातही ते आडवं येतं, आणि पोट भरलेलं असल्यावर पोर भाकरीला हात कशाला लावेल? दूध बंद नाही केलं. दोन कपांवर आणलं, चारशे मिलिलिटरच्या आसपास, आणि रात्रीच्या जेवणापासून लांब ठेवलं. आजीला हे सगळ्यात जड गेलं.

दुसरी गोष्ट: या घरात रात्रीचं जेवण अशी एक घटनाच नव्हती. सात वाजता आजी धाकट्याला मांडीवर घेऊन, मोबाइल समोर धरून दहीभात भरवायची. थोरली टीव्हीपुढं नूडल्स किंवा तूप-साखर-पोळी. आजी स्वतः आठला, दात नाहीत म्हणून मऊ खिचडी किंवा पातळ भाजीत कुस्करलेली भाकरी. नवरा-बायको साडेनऊला, तिखट आमटी आणि कोरडी भाजी. दोन्ही मुलांनी आई-वडिलांना जेवताना पाहिलंच नव्हतं, रविवार सोडला तर. आई सहा पन्नासला ओट्यापाशी उभी राहायची ती आठ चाळीसपर्यंत. तिनं मिनिटं लिहिली होती.

आणि मी तिला काय दिलं होतं? चौथा स्वयंपाक. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तक्ता घडी घालून वहीत ठेवलेला होता. "दोन दिवस केलं मॅडम. टिक्की तिनं थुंकली. मग मला रडू आलं." मी तो तक्ता परत घेतला. तेव्हापासून कुठल्याच घराला मुलांचा वेगळा तक्ता दिलेला नाही.

मग वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. दोन्ही रविवारांच्या पानावर आईच्या अक्षरात एकच शब्द होता: "जेवले." दोघंही. काय जेवले? मटण. मी घरी यायची परवानगी मागितली, रविवारीच.

कोल्हापुरी मटणाबद्दल बाहेर बोललं जातं ते तांबड्या रश्श्याच्या तिखटपणाचं. पण ओट्यापाशी उभं राहून बघितलं तर त्याची सुरुवात अजिबात तिखट नसते. आजीनं सकाळीच मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवलं होतं. पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतला, मटण टाकलं, वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. मटणाला आपलंच पाणी सुटलं. ताटातलं पाणी तापलं की तेच आत, ताटात पुन्हा नवं पाणी. तासाभरानं मटण शिजलं आणि पातेल्यात पिवळसर, तुपासारखी चकाकी असलेलं पाणी तयार झालं. ही अळणी. नाव अळणी असलं तरी मीठ असतं, नसते ती चटणी. (बाहेरच्या वाचकांसाठी: इथल्या घरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षभरासाठी भरलेला.)

आजीनं दोन वाट्या अळणी आणि चार मऊ फोडी काढून बाजूला ठेवल्या. मग उरलेल्याच्या वाटण्या केल्या. थोड्या अळणीत नारळाचं दूध, खसखस-तिळाचं वाटण आणि खडा मसाला गेला, तो पांढरा. थोडीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी, तो तांबडा. उरलेल्या फोडींचं सुकं. एकदा शिजवलं, चार ताटांना चार तऱ्हेनं लागलं. मी विचारलं, पोरांचं आधी का काढलं? आजीला प्रश्नच कळला नाही. "आमच्यात अळणी आधी पोरांस्नीच देत्यात. मग बाकीच्यांचं. माझ्या सासूनं बी तसंच केलेलं."

धाकटा पाटाच्या अर्ध्या भागावर बसून, वडिलांच्या ताटाकडे बघत, अळणी-भात स्वतःच्या हातानं खात होता. अर्धा भात सतरंजीवर पडत होता. मोबाइल फ्रिजवर होता, कुणाला त्याची आठवणही नव्हती. आजीनं फोडी बोटांनी उसवून, हाडाची कपची राहिली नाही ना हे दोनदा चाचपून त्याच्या ताटात टाकल्या. थोरलीनं पांढरा दोनदा मागून घेतला.

माझ्याकडे ज्याचं उत्तर नव्हतं ते या घरात आठवड्यातून एकदा होतच होतं. जेवण झाल्यावर मी एवढंच विचारलं, की रविवारी जे करता ते सोमवारी आमटीला का नाही करत? आई गप्प झाली. आमटीची फोडणी चटणीनंच सुरू होते, मग काढायचं काय? नवरा म्हणाला, चटणीशिवाय आमटी म्हणजे दवाखान्यातलं जेवण. तोडगा आजीनं काढला. "मिसळीचा कट येगळा देत्यात की. तसाच आमटीचा काढून ठेवायचा."

पुढच्या चार महिन्यांत बाकी जे काही झालं ते या एका वाक्यावर उभं आहे.

कट असा केला. चार चमचे तेल तापवायचं, त्यात ठेचलेला लसूण लालसर करायचा, गॅस बंद. तेल जरा निवलं की दोन चमचे चटणी आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी, म्हणजे चटणी करपत नाही. पुन्हा गॅसवर दोन मिनिटं उकळी. वर तांबडं तेल येतं. हा कट काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये दोन दिवस. आमटी, पातळ भाजी, उसळ, सगळ्यांची फोडणी आता मोहरी, जिरं, हिंग, हळद, लसूण, कढीपत्ता एवढ्यावरच होऊ लागली. गूळ-आमसूल नेहमीसारखं. मीठ अर्धं. उकळी आली की दोन डाव पोरांचे, एक डाव आजीचा, मग उरलेल्यात बाकीचं मीठ आणि कट. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात दोन ग्रॅमच्या वर मीठ जाऊ नये असं धरतात, तेव्हा मीठ मागून घालण्याचा हा आयता फायदा.

पिठल्याला तर कटसुद्धा लागला नाही. बिनतिखटाचं पिठलं सगळ्यांना, मोठ्यांच्या ताटात डावीकडे खर्डा. मराठी ताटाची मांडणी मुळात या कामासाठीच केल्यासारखी आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, ज्याला जेवढं हवं तेवढं. चव वाढवायचा अधिकार पातेल्याकडे नाही, जेवणाऱ्याकडे. हळूहळू आपण ते सगळं तिखट पातेल्यात ओतलं आणि मग पोरांसाठी दुसरं पातेलं चढवलं.

प्रत्येक पदार्थ असा दुभागता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. भरलं वांगं चटणीशिवाय भरता येत नाही. झुणक्याचंही तसंच, या घरात तरी. त्या दिवसांसाठी एकच ठरवलं: ताटावर अशी एक गोष्ट असेलच जी प्रत्येक पोर खातं. भात, भाकरी, दही, यांपैकी काहीही. पण त्यापलीकडे उठून नवं काही करायचं नाही.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात एक विभागणी मांडली, ती मी सगळ्या घरांना सांगते. काय, केव्हा आणि कुठं जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. सांगायला दोन वाक्यं लागतात. पाळायला या घराला दोन आठवडे लागले, आणि ते आठवडे वाईट होते.

जेवणाची वेळ पावणेआठ ठरली, कारण वडील सात-सव्वासातला घरी पोचतात. म्हणजे पाच वाजताचं खाणं नीट हवं: केळं, किंवा दाण्याचं कूट आणि गूळ लावलेली पोळी, किंवा दही-चुरमुरे. आख्खे शेंगदाणे धाकट्याला नाहीत, ते घशात अडकतात. साडेपाचनंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. मोबाइल जेवणातून पहिल्याच दिवशी गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. या घरी तो दुपारच्या अर्ध्या तासावर आला.

पहिल्या रात्री धाकटा रडला. तीन घास. दुसऱ्या रात्री दोन. तिसऱ्या रात्री ताट उलटं केलं. मला आजीचा फोन आला, आवाज भरलेला. "पोरगं उपाशी झोपलं की हो ताई. माझ्या घरात कधी असं झालं नव्हतं." मी त्यांना समजावलं नाही. मला ते शक्यच वाटलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर घास भरवून माया दाखवली तिला हात मागे घे म्हणणं ही लहान गोष्ट नाही. मी एवढंच विचारलं, की सकाळी काय खाल्लं त्यानं? दोन पोळ्या, तूप लावून. असं त्यानं पूर्वी कधी केलं होतं का? आजी जरा थांबल्या. नाही म्हणाल्या.

त्यांच्यासाठी आम्ही एक काम वेगळं ठेवलं. भरवायचं नाही, पण शेजारी बसून स्वतः जेवायचं. आजी आता आठऐवजी पावणेआठला सगळ्यांबरोबर बसू लागल्या. त्यांच्या ताटात मुलांच्याच डावातली पातळ आमटी आणि कुस्करलेली भाकरी. धाकटा त्यांच्याकडे बघून भाकरी आमटीत बुडवायला शिकला. हे मी शिकवू शकले नसते.

नवव्या दिवशी वडिलांचा तोल गेला. दमून आले होते, थोरली भाताशिवाय काहीच घेत नव्हती. "दोन घास भाजी खा, नाहीतर उद्या बागेत नेणार नाही." तिनं दोन घास घेतले, तोंडात धरून ठेवले आणि बेसिनमध्ये जाऊन थुंकले. पुढचे चार दिवस त्या भाजीकडे बघितलंसुद्धा नाही. ती मेथी होती. आईनं वहीत तारीख घालून लिहिलं, म्हणून मला कळलं. वडिलांनी ते पान वाचलं आणि त्यानंतर ताटावर एकदाही अट घातली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

मेथी परत आली ती निवडण्यातून. थोरलीला काम हवं होतं. संध्याकाळी आई ओट्यापाशी आणि पोरं टीव्हीपुढं अशी जी विभागणी होती ती मोडायची, तर पोरांना स्वयंपाकघरात जागा लागते. सुरी आणि गॅसपासून लांब, जमिनीवर एक परात. धाकट्याकडे मटाराच्या शेंगा. त्याला त्या फोडता येत नव्हत्या, पण आजीनं फोडलेल्या शेंगेतून दाणे बोटानं ढकलता येत. निम्मे तो खायचा. थोरलीकडे मेथी-कोथिंबीर निवडणं, तांदूळ तीनदा धुणं, ताटं मांडणं. पाचवेळा मेथी निवडून झाल्यावर एका संध्याकाळी तिनं मूगडाळ घातलेल्या मेथीच्या भाजीतली डाळ-डाळ वेचून खाल्ली. पानं कडेला. आईनं मला विचारलं, हे खाल्लं म्हणायचं का? मी म्हटलं, लिहून ठेवा.

भाकरीचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, तिसऱ्या महिन्यात. आई शाळूची भाकरी थापत होती. शाळूच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून गरम पाण्यानं मळून परातीत तळहातानं फिरवत थापायची, वरून पाण्याचा हात, मग जाळावर फुगवायची. भाकरी टम्म फुगली, आईनं ती ताटात टाकली, आणि धाकट्यानं वाफ निवायची वाट बघत शेजारी उकिडवं बसून घेतलं. त्याला पापुद्रा हवा होता. आजीनं वरचा पातळ पापुद्रा सोलून, फुंकर घालून हातात दिला. त्यानं तो डाळ-पालकाच्या पातळ भाजीत बुडवला, वर लिंबू पिळलेलं होतं. लिंबू मी मुद्दाम सांगितलेलं, पालेभाज्या-डाळींतलं लोह त्यानं जास्त अंगी लागतं. भाजी कोपरापर्यंत ओघळली. त्यानं कोपर चाटलं.

चार महिन्यांनंतरचं टिपण: धाकट्याचं हिमोग्लोबिन ११.५. यातलं श्रेय आधी औषधाचं, मग दूध कमी करण्याचं. एकत्र जेवण्यामुळे रक्त वाढलं असा दावा मी करणार नाही. वजन ११.९. थोरलीचं १७. रेषा त्याच. आईचा ओट्यापाशी उभं राहण्याचा वेळ एक तास पन्नास मिनिटांवरून एक तास दहापर्यंत आला, आणि त्या तासात मुलं तिच्या पायाशी असतात. एकत्र जेवणं आठवड्यातून पाच-सहा वेळा होतात. वडिलांची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात ते रात्री बारानंतर एकटेच जेवतात, त्यावर आम्हाला उपाय सापडला नाही. त्या आठवड्यापुरतं सकाळचं खाणं चौघांबरोबर, एवढंच जमलं.

नूडल्स बंद झाले नाहीत. शनिवारी सकाळी होतात, सगळ्यांसाठी, मटार-गाजर घालून. मोठे त्यावरही कट घेतात.

वही आईनं ठेवून घेतली, मला शेवटचं पान फोटो काढून पाठवलं. बुधवारची नोंद आहे. त्या दिवशी भरलं वांगं होतं, तरी धाकट्यानं आजीच्या ताटातली एक फोड उचलली होती: "तोंडात घातलं. काढून ताटात ठेवलं. परत उचललं. परत ठेवलं. दहीभात खाल्ला. वांग्याची सातवी वेळ."